पलंगाखालची माती

सिएना शहरात फोस्का जन्मली कासव आळीत आणि लग्न करून बसली गोगलगाय आळीतल्या सेत्तिमिओशी. आता कासव काय नि गोगलगाय काय, चालीला दोघं सारखेच. पण उन्हाळ्यात दोनदा मोठ्या चौकात आळ्याआळ्यांच्या घोड्यांची शर्यत लागते, आणि तेव्हा या दोन आळ्या एकमेकींना पाण्यात पाहतात. म्हणून शर्यतीच्या चार दिवसांत फोस्का बॅग भरून भावाकडे जायची, सेत्तिमिओ बहिणीकडे. रस्त्यात समोरासमोर आलेच तर "नमस्कार बाई", "नमस्कार साहेब", आणि पुढे. त्या चार दिवसांत 'तू' बंद, 'तुम्ही' चालू. बेचाळीस वर्षं संसार असा सुरळीत चालला होता.

एक गोष्ट मात्र सलत होती. इथे मूल ज्या आळीत जन्मेल त्या आळीचं, आणि मुलगा दुचो जन्मला इस्पितळात, म्हणजे शहराच्या कोटाबाहेर, जिथे कुठलीच आळी नाही. अशा वेळी जुनी रीत सोपी आहे: बाळंतिणीच्या पलंगाखाली आपल्या आळीची माती ठेवायची. तर फोस्काच्या भावाने कासवांची माती आणून ठेवली, सेत्तिमिओच्या बहिणीने गोगलगायींची, आणि सकाळी सफाईवालीने दोन्ही झाडून बादलीत टाकल्या. झालं! मूल कोणाचं यावर जो वाद पेटला तो विझेचना. आज ठरवू, उद्या ठरवू म्हणता म्हणता पोरगा मोठा झाला. शर्यतीच्या दिवशी गल्लीतल्या शेंबड्या पोराच्या गळ्यातही आळीचा रुमाल असायचा. दुचो मोकळ्या गळ्याने गच्चीवर बसून असायचा. विसाव्या वर्षी तो मेलबर्नला गेला तो गेलाच. नोकरीसाठी गेला, असं फोस्का सांगायची. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते आठवलं की तिला घास जात नसे.

जानेवारीत त्याचा फोन आला. बायको ब्रॉनी गरोदर होती. मे महिन्यात येणार, बाळंतपण इथेच, घरी सुईण बोलावून करणार. फोस्काचं घर कोटाबाहेर, एका खोलीचं, तेव्हा शहरात भाड्याची खोली घ्यावी लागणार होती. "आई, ब्रॉनी विचारतेय, कुठल्या भागात राहिलेलं बरं?"

त्या रात्री नवराबायकोने पहिल्यांदाच शहाण्यासारखा करार केला. सून परकी, तिला कासव नि गोगलगाय सारखेच. ती ज्या आळीत उतरेल ती आळी बाळाची. तिला कारण सांगायचं नाही. दोघांनी शपथ घेतली. शपथ कारण न सांगण्याची होती. बाकी काही सांगायला बंदी नव्हती.

"ब्रॉनी, पोरी, कासव आळीत वारा काय असतो म्हणून सांगू!" फोस्का फोनवर म्हणाली. "तिकडे गोगलगायींकडे नको हं. तो चढ पोटुशीचं काम नव्हे. आणि ती घंटा! दर पाव तासाला डोकं उठवते."

दुसऱ्या दिवशी फोस्का भाजी आणायला गेल्याचं बघून सेत्तिमिओने फोन लावला. "कासवांच्या भिंतींना ओल आहे. उंदीर आहेत."

"तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले नाहीत, पण असणारच. कासवांचे उंदीर ते, सावकाश येतील."

खरं तर दोन्ही आळ्या एकमेकींना चिकटून आहेत. चढ दोन्हीकडे तोच, आणि घंटा एकच, दोन्हीकडे तितकीच ऐकू येणारी. पण तीन महिने हे असं चाललं. ब्रॉनी जनावरांच्या दवाखान्यात काम करायची, तिला सगळं लिहून ठेवायची सवय. एप्रिलमध्ये तिचा निरोप आला: "तुम्ही दोघांनी इतकं खरंखरं सांगितलंत, खूप आभार. दोन्ही भाग मी वगळलेत. साळिंदर आळीत खोली घेतली. इस्पितळ जवळ, गाडी लावायला जागा."

फोस्का मटकन खुर्चीत बसली. शत्रूची आळी असती तर निदान चडफडता आलं असतं. साळिंदरांशी कासवांचं ना वैर ना सोयरीक, गोगलगायींचंही तेच. नातवंड अशा ठिकाणी निघालं होतं की जिथे धड शिवीही सुचत नव्हती.

"तुझी जीभ!" ती म्हणाली.

"माझी? घंटा कोणी वाजवली?" सेत्तिमिओ म्हणाला.

करार मोडला. आता उरली जुनी रीत.

एकोणतीस जूनला शर्यतीचे चार दिवस सुरू झाले. सकाळी बस थांब्यावर नवराबायको आपापल्या बॅगा घेऊन वेगळे झाले. बाळंतपणाला अजून दोन आठवडे होते. दुपारी दुचो नि ब्रॉनी बाहेर जाणार हे फोस्काने हेरून ठेवलं होतं. मक्याच्या पिठाच्या पिशवीत भावाच्या अंगणातली दोन किलो माती भरून ती साळिंदर आळीत पोचली. घरमालकीण अर्जिया, दारभर रुंद बाई, जिन्यात मटार सोलत बसली होती.

"चादरी बदलायला आले," फोस्का म्हणाली.

"बदला की. आज सगळ्यांनाच या खोलीचा पुळका आलाय," अर्जिया म्हणाली. या बोलण्याकडे फोस्काने लक्ष द्यायला हवं होतं.

उंच लोखंडी पलंग होता. फोस्का गुडघ्यांवर बसली, मग पोटावर झाली, आणि पिशवी पुढे ढकलत आत शिरली. पलंगाच्या पलीकडून एक बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकत येत होता. डब्यामागे सेत्तिमिओ होता.

"नमस्कार बाई," तो म्हणाला.

"नमस्कार साहेब. आपण इथे?"

"पंखा दुरुस्त करायला आलो होतो."

"पंखा वर आहे."

"खालून अंदाज घेतोय. आपल्या पिशवीत काय?"

"पीठ."

"पलंगाखाली?"

"आपल्या डब्यात?"

"बिस्किटं."

फोस्काने डब्याकडे हात टाकला, त्याने पिशवीकडे. पिशवी फाटली, डबा उलटला. कासवांची माती नि गोगलगायींची माती एक झाली. निवडायची म्हटली तर देवालाही निवडता आली नसती. तेवढ्यात जिन्यात दुचोची हाक आली, "आई गं! कोणी आहे का?" आणि त्यामागे ब्रॉनीचं कण्हणं.

फोस्का सुसाट बाहेर आली. सेत्तिमिओ निघायला गेला आणि त्याची कंबर धरली.

"बाई," तो आतून म्हणाला, "मला हलता येत नाहीये."

"मग हलू नका."

पुढे सगळं फार लवकर झालं. रुग्णवाहिका बोलावली, पण शर्यतीच्या गर्दीत ती अडकली. सुईण उतरून पळत आली आणि खोलीतून कोणालाही हलवायचं नाही असा हुकूम तिने सोडला. ब्रॉनी आपल्या भाषेत ओरडत होती, दुचो तिचा हात धरून रडत होता, अर्जिया गरम पाणी आणत होती. "पलंग हलतोय हो! कोणी मला सांगेल का काय चाललंय?" असं पलंग अधूनमधून म्हणत होता. सुईणीने एकदा खाली वाकून पाहिलं, आणि काही न विचारता आपलं काम पुढे चालू ठेवलं.

मुलगी झाली. काळीसावळी, रागीट, एकदम ठणठणीत.

अर्जियाने कमरेवर हात ठेवून फरशीवरची माती पाहिली. तिला समजायला वेळ लागला नाही. सिएनाचीच बाई ती. "दोघांचं भांडण नि तिसऱ्याचा लाभ," ती म्हणाली. "फोस्काबाई, तुमच्या मातीखाली फरशी आहे, आणि फरशीखाली आमची माती आहे. पोर साळिंदरांची." तिने कपाटातून रुमाल काढला, पांढरा, लाल, काळा, निळा, आणि बाळाच्या दुपट्यावर पसरला.

फोस्का वाद घालायला उठली. शब्द जिभेवर तयार होते, चाळीस वर्षं घासलेले. तेवढ्यात दुचो पुढे झाला. चाळिशीला टेकलेला बाप्या, डोळे सुजलेले.

"अर्जियाबाई," तो हळूच म्हणाला, "अजून एक आहे का?"

"कोणासाठी?"

अर्जियाने त्याच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग फोस्काकडे, आणि पुन्हा कपाट उघडलं.

त्याने रुमाल घेतला, खांद्यांवर टाकला, टोकं पुढे आणली आणि खाली न बघता गाठ मारली. पहिल्याच फटक्यात नेमकी बसली, इथल्या पोरांची बसते तशी. मेलबर्नच्या कुठल्या खोलीत, कुठल्या फडक्यावर तो हे शिकला, हे विचारायची फोस्काची छाती झाली नाही. ती पलंगाच्या कडेला खाली बसली. आपण याच्यावर काय अन्याय केला ते तिला दिसलं आणि ती रडली.

"बाई?" पलंगाखालून आवाज आला. "मला नुसते पाय दिसतायत. पोर कोणाची झाली?"

"साळिंदरांची."

आत रिकामा डबा खडखडला.

"आणि आपला दुचो?"

"तोही."

पलंगाखालून मातीने भरलेला एक हात बाहेर आला आणि चाचपडत तिच्या पायाशी थांबला.

"फोस्का," सेत्तिमिओ म्हणाला, "तू रडतेस का गं?"