एक्क्याची भीती

माझ्या पोरीची भीती काढली म्हणून आमच्या पथकाने त्या माणसाला शाल आणि नारळ दिलेला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. आता वाटतं, तो नारळ हातात न देता टाळक्यात घालायला पाहिजे होता मेल्याच्या.

नीट सांगते. आम्ही ठाण्याच्या कोपरीतल्या. मी कलावती, आणि माझी शिवानी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. ही बालवाडीत असताना हिचा बाप गेला, तेव्हापासून आम्ही दोघीच एकमेकींना. आमच्या महिला गोविंदा पथकात मी सगळ्यात खालच्या थराला आणि ती एक्क्याला, म्हणजे मनोऱ्याच्या टोकावर एकटी उभी राहून हंडी फोडणारी. मायलेकींनी पथक उचलून धरलंय असं लोक म्हणायचे. मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी सरावाला ती वरून पडली. कमरेला बांधलेल्या सेफ्टीच्या दोरीने झेललं, एक ओरखडा नाही, पण धसका बसला तो बसलाच. वर पोचली की गुडघे लटपटायला लागायचे. आणि आमचा कोच संदेश, तो मैदानात उभा राहून बाकी काही बघत नाही, फक्त एक्क्याचे गुडघे बघतो. खाली कुठे खांदा ढिला पडला, कुणाचा पाय सरकला, तर सगळ्यात आधी ते वरच्या पोरीच्या पायाला कळतं. तिचे गुडघे हलले की संदेशची शिट्टी, आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी हळूहळू उतरायचं. आमच्याकडे पहिल्यापासून असंच. पण शिवानीचे गुडघे आता उगाचच हलायला लागलेले, रोज शिट्टी, रोज उतरा. यंदा सात थर लावायचं सगळ्यांच्या डोक्यात होतं आणि हिच्यापायी पाचाच्या वर काही जाईना. बायका तोंडावर बोलत नव्हत्या, पण मला नजरा कळत होत्या. शिवानी घरी येऊन उशीत तोंड घालून रडायची.

संदेशनेच डोंबिवलीहून प्रितम सरांना आणलं. खेळाडूंचे माइंड कोच म्हणे, संमोहन करतात, धावणारी पोरं आणि पोहणारी पोरं त्यांच्याकडे जातात. पांढरा शर्ट, आवाज दुधावरच्या सायीसारखा. समाजमंदिराच्या हॉलमध्ये शिवानीला खुर्चीवर बसवलं आणि आम्ही सगळ्या सतरंजीवर. "डोळे मीट. तू वर उभी आहेस. खाली जमीन नाहीये, कापूस आहे. भीती हा फक्त एक विचार आहे. श्वास सोड, तोही जातो." पोरीची मान छातीवर पडली. बायकांच्या अंगावर काटा आला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

अशा तीन-चार बैठका झाल्या. मग जी काय पोरगी बदलली! सरसर वर जायची, दोन्ही हात वर करून उभी राहायची, गुडघा म्हणून हलत नव्हता. सहा थर लागले, मग सात लागले. मेघाली, हिची लहानपणापासूनची मैत्रीण, हिला खांद्यावर घ्यायची. ती मला म्हणाली, "काकू, पूर्वी हिचे पाय बोलायचे माझ्याशी. आता नुसतं वजन जाणवतं." मी म्हटलं, "तुला काय, आता आरामच आहे ना!" असं म्हणून आम्ही दोघी हसलो.

गोपाळकाल्याला ठाण्यात मोठी हंडी. खालच्या थराला मान खाली घालूनच उभं राहायचं असतं, आम्हाला दिसतात ते फक्त समोरचीचे पाय. चौथा थर चढला, पाचवा, सहावा चढला, टोकाला शिवानी पोचली, वरून पाण्याचा फवारा. मग माझ्या डाव्या खांद्यावरचं वजन एकदम उजवीकडे गेलं. वर कुणीतरी घसरलेलं. मनोरा झुलायला लागला. मी दात आवळून शिट्टीची वाट बघत होते. वाजव रे संदेश, वाजव! शिट्टी काही वाजेना. वाजणार कशी, तो बिचारा माझ्या पोरीचे गुडघे बघत होता आणि ते जागच्या जागी होते.

सगळं एकदम कोसळलं. मी कुणाच्या तरी पोटाखालून बाहेर आले आणि आधी माझ्या पोरीला शोधलं. ती वर दोरीला लटकत होती. दोन्ही हात वर, चेहऱ्यावर हसू. खाली बायका विव्हळत होत्या, मेघाली सगळ्यांच्या पलीकडे जमिनीवर वेडीवाकडी पडलेली, आणि ही वरून ओरडली, "संदेशदादा, परत लावायचा का?"

मेघालीच्या कमरेखाली आता काही नाही. चिमटा काढला तर कळत नाही तिला. डॉक्टर म्हणतात बघू, आणि आई तिची भिंतीकडे बघत बसलेली असते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा शिवानी पलंगाशी बसली, तिचा हात हातात घेतला आणि त्या सरांच्याच आवाजात म्हणाली, "श्वास सोड गं. भीती हा फक्त एक विचार आहे." मेघालीच्या आईने आम्हाला बाहेर काढलं. बरोबर केलं तिने. जिन्यात मी शिवानीच्या थोबाडीत ठेवून दिली. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, डोळा नाही पाणावला. माझं काळीज तिथे फाटलं. वर गेलेली माझी पोर वरच राहिलेली, खाली उतरलीच नव्हती.

मग एकेक दिसायला लागलं. हायवे ओलांडताना बघायची नाही. गच्चीच्या कठड्यावर बाहेर पाय सोडून मोबाइल बघत बसायची, आमची पाच मजली बिल्डिंग. मी ओरडले की शहाण्यासारखी उतरायची, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मी कामावर जायचं सोडलं आणि गच्चीला कुलूप लावलं, तर ही टाकीच्या शिडीने वर गेली.

डोंबिवलीला गेले त्या सरांकडे. म्हटलं, "माझ्या पोरीची भीती परत द्या." तो माणूस हसला नाही हो. दोन-तीनदा बसवलं त्याने तिला, पुढे मोजलं, उलटं मोजलं, जागी हो म्हणाला. ती शांतपणे म्हणायची, "जागीच आहे, सर." शेवटी त्याच्याच कपाळावर घाम. मला बाहेर घेऊन म्हणाला, "काकू, इतकी खोल जाणारी मुलगी मी पाहिली नव्हती. मी मनोऱ्यापुरतं सांगितलेलं, तिने सगळीकडे लावलं. मी हात टेकले. एखाद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. कदाचित जिवाला चटका लागेल असं काही घडलं, तर येईलही परत."

तेवढं एक वाक्य मी घरी घेऊन आले. या पोरीच्या जिवाला चटका लागेल असं जगात काय उरलंय? मैत्रीण पडली, त्यानेही काही झालं नाही. मग मीच उरले की. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्याची मिळालेली. तोपर्यंत ही राहते की नाही, काय भरवसा!

दुपारी चादरी वाळत घालायला म्हणून तिला गच्चीवर नेलं. ती चिमटे लावत होती. मी कठड्यावर चढले. जन्मभर खालच्या थराला उभी राहिलेली बाई मी, स्टुलावर चढले तरी गरगरतं मला. आधी बसले, मग धडपडत उभी राहिले. खाली रिक्षा काड्यापेटीएवढ्या. पाय असे कापायला लागले की काही विचारू नका. "शिवानी!" मी किंचाळले. "बघ, मी पडतेय! तुझी आई पडतेय!"

ती वळली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, डोळ्याची पापणी तरी हलेल, एक तरी हाक येईल. चिमटे पिशवीत ठेवून ती निवांत माझ्याकडे आली.

"आई, खांदे सैल सोड," ती म्हणाली. "खाली कापूस आहे."

"मला धर गं!" मी रडायला लागले. "बाळा, हात दे, मला उतरता येत नाहीये!"

तिच्या तोंडावर इतकी माया होती, इतकी माया. हात मात्र तिने मागे बांधलेले. "कशाला धरू?" ती म्हणाली. "सोड ना."