गुंजेचा वेल

"किरिस्तावा, भाईर ये! माजा बैल मारलास!"

पुंजाराम योसेफच्या दारात उभा राहून ओरडत होता आणि त्याच्यामागे आमचं निम्मं गाव कामं टाकून जमलं होतं. उन्हानं माती भाजून निघाली होती, विहिरींनी तळ गाठला होता, पण भांडायचा दम काही कुणाचा आटला नव्हता.

मिरजगावच्या बाजारातून आणलेला पुंजारामचा उमदा खिलार दोन दिवस रक्त हगून सकाळी गेला. पेरणी तोंडावर आणि जोड मोडली. माणसाचं काळीज तुटणारच, ते मी नाकारत नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या नरड्याला हात घालायचा?

गावातली मेलेली जनावरं ओढायची आणि कातडं घ्यायचं, हे पूर्वी योसेफच्या घराण्याचं काम. कातड्याच्या लोभानं हे लोक गुंजेच्या बिया वाटून केलेला विषारी काटा टोचून जनावर मारतात, हा संशयही गावानं तेव्हापासूनच जपलेला. योसेफच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मेल्या जनावराला शिवणार नाही अशी शपथ घेतली, ती योसेफनंही पाळली. पण त्याच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. गावाला तेवढं पुरलं.

"येल कशाला ठिवलाय?" गावचे पंच कारभारी म्हणाले. "गुंजंची भाजी करून खाता व्हय?"

योसेफची बायको हन्ना पुढं आली. "तुमच्या सुनंचं त्वांड आलंतं, तवा ह्याच येलाचा पाला न्हेला न्हवं, कारभारीबाबा? तवा न्हाई इचारलं!"

"लई बोलू नगंस. बिऱ्हाड भरा अन् गाव सोडा."

योसेफ शांतपणे म्हणाला, "बैल फोडून बगा. काटा टोचला आसंल तर कातड्याखाली गाठ घावंल. पोटात काय हाय त्येबी दिसंल."

"आमी फोडायचा?" पुंजाराम अंगावर धावला. "त्ये तुमचं काम."

"हुतं. बाच्या येळंला सुटलं."

"मग नगं फोडूस. निग हितनं!"

हन्नानं नवऱ्याचा दंड धरला. "शपत हाय, धनी. न्हाई शिवायचं."

योसेफनं तिचा हात हलकेच बाजूला केला. मग तो आत जाऊन सुरी घेऊन आला. "द्येवाला ठावं हाय, हन्ना. ह्यास्नी न्हाई, म्हून दावतो."

पुंजारामच्या अंगणात त्यानं बैल सोलला. मान, खांदा, पुठ्ठा, सगळं उघडं करून दाखवलं. ना गाठ, ना काटा. मग त्यानं पोट फाडलं. घाणीनं लोक मागं सरले, नाकाला पदर लागले. योसेफनं आतून मूठभर चोथा काढून पुंजारामपुढं धरला. त्यात ठिपक्याठिपक्यांची टरफलं होती.

"एरंड्या," कारभारी पुटपुटले.

सगळ्यांच्या नजरा अंगणाच्या कोपऱ्याकडे वळल्या. महायुद्धापायी रॉकेल मिळेना, म्हणून दिव्याच्या तेलाला पुंजारामच्याच घरच्यांनी तिथं एरंड्या वाळत घातल्या होत्या. पुंजारामची आई गोजरबाई बोलून गेली.

"परवा सुटला हुता त्यो. त्वांड घातलं त्येनं तितं, म्या बगितलं. म्हनलं, आपुन लेकरास्नी एरंडाचं तेल पाजतोच की. पोट साफ हुईल, बैलाला काय हुतंय?"

"तेल येगळं, बी येगळी, म्हातारे!" कारभारी तिच्यावरच खेकसले. "बियांत जहर आसतं, त्ये तेलात न्हाई उतरत."

माफी कुणीच मागितली नाही. आमच्या गावाला ती सवय नाही. पुंजारामनं घाम पुसला आणि मेहेरबानी केल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे. आता हात लावलाच हाईस, तर वड्याला न्हेऊन टाक. कातडं तुलाच."

योसेफनं राखेनं हात घासले, कोपरापर्यंत धुतले.

"बैल तुमचा, कातडं तुमचं, एरंड्याबी तुमच्याच," तो म्हणाला. "तुमीच वडा."

आणि तो घरी निघून गेला. पुंजारामनं शिव्या घातल्या, कारभारींनी पुन्हा गाव सोडायची भाषा केली, पण आता त्यांच्या मागं कुणी उभं राहीना. ऊन चढलं तशी माश्यांनी आणि वासानं घरात बसणं अवघड झालं. शेवटी पुंजाराम आणि त्याचा भाऊ, दोघांनी दोर कमरेला बांधला. कारभारी नाकाला पटक्याचं टोक लावून मागून रेटू लागले.

ओढ्याची वाट योसेफच्या दारावरूनच जाते. ते धापा टाकत समोर आले तेव्हा हन्ना घाईघाईनं दार लावायला उठली.

"ऱ्हाऊ दे उगडं," योसेफ म्हणाला. "आज ह्ये वडत्यात, बगू दे."