जहाजावरची रिकामी जागा

इंदूरच्या मिलमध्ये छपाई खात्यात साड्यांचे काठ काढायचं काम पंचशीलचं. कोयऱ्या, वेली, हंसांच्या रांगा. मिल बंद पडली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. फाटकाला कुलूप लागलं, तरी माणसं सकाळी जेवणाचा डबा घेऊन फाटकासमोर जाऊन बसत. पेपरात रोज उदारीकरणाबद्दल छापून यायचं, आणि चहाच्या गुमटीवर जो तो त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावायचा. पंचशील भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासांच्या पाट्या रंगवून घर चालवू लागला.

अशात एक दिवस यामिनी त्याच्या दारात आली. मिलचे जुने हेडक्लार्क कृष्णराव, त्यांची ही मुलगी. गोव्यात समुद्राचं संशोधन करायची, सुट्टीत इंदूरला आली होती.

"आपल्याकडच्या मुलांचा समुद्र म्हणजे निळा रंग आणि त्यात एक मासा," ती म्हणाली. "मला त्यांना आत काय चालतं ते दाखवायचंय. मोठी चित्रं शाळाशाळांतून फिरवायची, आणि त्यांचंच एक पुस्तक. बाबा म्हणाले, हात पंचशीलचाच."

पंचशीलने समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच्या आजोबांनी महूच्या पलटणीतून जाऊन पाहिला होता म्हणे, बस तेवढंच. पण तो हो म्हणाला.

पहिलं चित्र होतं तळाचं गार पाणी वर येतं त्याचं. ते येताना खालचे क्षार घेऊन येतं, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, त्या खायला बारीक जीव जमतात आणि त्यांच्यामागे मासे. पंचशीलने सगळे जीव एकाच मापाचे, नेमक्या अंतरावर, ओळीने बसवले. यामिनी बघतच राहिली आणि मग खदखदून हसली.

"भिया, ही तर साडी झाली!"

पंचशीलही हसला. मिल बंद झाल्यापासून घरात असं कुणी हसलं नव्हतं. आतून त्याची बायको मैत्री बघायला आली, काय झालं म्हणून.

त्याने चित्र पुन्हा काढलं, परत पुन्हा काढलं. हळूहळू त्याचा हात सुटला. पाण्याचे थर, त्यात उतरत जाणारा उजेड, एकमेकांना ढकलणारे गार आणि ऊन प्रवाह. यामिनी पेन्सिलने बाण दाखवायची, तो त्यात जीव ओतायचा. कधी तो हटून बसायचा, कधी ती. अशी पाच-सहा चित्रं झाली.

मग तिने एका बाटलीतून खोल पाण्यातली कोळंबी आणली. फॉर्मॅलीनमध्ये पडून पांढरीफटक झालेली.

"हिचा रंग कोणता?" पंचशीलने विचारलं.

"तीच अडचण आहे. वर काढल्यावर रंग थोडा वेळच टिकतो. चित्रकार जहाजावरच पाहिजे." ती जरा थांबली. "येता का? मुरगाव बंदरातून निघायचं, महिनाभराची सफर आहे. आमचे साहेब म्हणतात कॅमेरा आहे की. मी म्हटलं, फोटो दिसेल तेवढंच दाखवतो, मुलांना समजवायचं तर चित्रच हवं. भांडून एक जागा मिळवलीय."

पंचशील लगेच हो म्हणाला. मैत्रीने तर गल्लीभर सांगितलं. त्याच्यासाठी लोकरीची टोपी विणली, कारण समुद्रावर वारा लागतो असं तिला कुणीतरी म्हणालं होतं.

निघायला चार दिवस होते आणि भाऊराव आला. भाऊराव छपाई खात्यातलाच, युनियनचा माणूस, मनाने सरळ.

"अरे भिया, पार्टी येतेय बाहेरची! मिल घेणार, छपाई सब से पहले चालू करणार. फाटकावर जो हजर, त्याचंच नाव लिहून घेणार, पक्की खबर आहे. तू तिकडे समुद्रात फिरत बसशील आणि इकडे तुझ्या टेबलावर दुसरा बसेल."

पंचशील मनात तोलू लागला. जहाज महिन्याचं, मिल जन्माची. मैत्री म्हणाली, "इतके दिवस बंद आहे, आत्ताच बरी चालू होईल! तुम्ही जा." पण त्याच्या नाकात छपाईच्या रंगांचा वास शिरला होता, तो काही केल्या जाईना.

यामिनीला खरं सांगायची त्याला लाज वाटली. ती वाद घालेल, समजावेल, आणि आपण ऐकू, याचीही भीती होती. एसटीडी बूथमध्ये जाऊन त्याने गोव्याला फोन लावला आणि म्हणाला, "मैत्री सीरियस आहे. दवाखान्यात ठेवलंय."

मग यामिनी म्हणाली, "तुम्ही वहिनींजवळ थांबा. काही लागलं तर बाबांना सांगा, संकोच करू नका." घरी येऊन त्याने मैत्रीला सांगितलं, सफर गोव्याच्या लोकांनीच रद्द केली.

पार्टी आली. दोन गाड्यांतून माणसं उतरली. त्यांनी मशिनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेप धरून जमीन मोजली, मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली, आणि धूळ झटकून निघून गेली. नाव कुणी लिहून घेतलं नाही. भाऊराव उन्हात उभा राहून गाड्यांच्या दिशेने बघत होता. पंचशीलने त्याला दोष दिला नाही. भाऊरावने फक्त खबर आणली होती, ती हवीहवीशी वाटली ती पंचशीललाच.

पावसाळ्याच्या तोंडावर यामिनी आली. मैत्री ओट्यावर कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, आता बरं आहे ना? इतक्यात कामं कशाला करता?"

"मला काय धाड भरलीय?" मैत्री हसत म्हणाली.

आत पंचशील पाटी रंगवत होता. त्याने ब्रश खाली ठेवला. तो बाहेर आला तेव्हा दोघी त्याच्याकडे बघत होत्या, आणि दोघींनाही काही विचारायची गरज उरली नव्हती.

यामिनी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "जागा रिकामीच गेली, पंचशीलजी," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, आता यापुढे बाहेरचा माणूस नको."

"मिल चालू होणार असं..."

"मग तसं सांगायचं. बाबा त्याच मिलमधले ना? मला समजलं नसतं का?" ती जायला वळली आणि थांबली. "कोळंबी लालभडक होती. लाल उजेड तितक्या खोल पोचतच नाही, म्हणून तिथे ती काळी होऊन जाते, कुणाला दिसत नाही. हे तुम्ही मुलांना किती छान दाखवलं असतं."

दुसऱ्या दिवशी ताट वाढताना मैत्री म्हणाली, "खोटं बोलायचं होतं तर माझं दुखणं कशाला पुढे केलंत?" रविवारी बुद्धविहारात सगळ्यांबरोबर पंचशील, म्हणजे पाच शीलांची प्रार्थना, म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की त्याचे ओठ नुसते हलायचे. आईबापांनी ज्याच्यावरून आपलं नाव ठेवलं ते आपल्याच तोंडून निघू नये, याचं त्याला फार वाटायचं.

पुस्तक निघालं. पाण्याची, प्रवाहांची चित्रं त्याची होती, खाली त्याचं नाव नीट छापलं होतं. खोल समुद्राच्या पानांवर फोटो होते. यामिनीने प्रती पाठवल्या, पण पुढचं काम आलं नाही. मिल उघडलीच नाही. भाऊराव हातोद गावी भावाच्या दुकानात बसू लागला.

काही वर्षांनी कृष्णराव गेले. पंचशील भेटायला गेला तो मनाशी शब्द जुळवतच. माफी मागायची होती. यामिनी नातेवाइकांच्या घोळक्यातून उठून आली. केस पिकले होते.

"काम काय चाललंय?" तिने विचारलं.

"आता पाट्या फ्लेक्सवर होतात, ताई. हाताला काम नाही फारसं."

"आमच्याकडेही सगळं कंप्यूटरवरच," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं असावं असं त्याला वाटलं. त्याने घसा साफ केला. तेवढ्यात उज्जैनची पाहुणेमंडळी दारात आली आणि ती तिकडे वळली. तो थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला, मग चपला शोधून बाहेर पडला.

घरी मैत्री वाटच बघत होती. "बोललात का तिच्याशी?"

"गर्दी होती," तो म्हणाला.

मैत्रीने त्याच्याकडे पाहिलं, आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली.