तीन ठोक्यांचा गज

मित्रांनो, किरनापूरच्या आठवडी बाजारात महागूच्या कापडाच्या दुकानासमोर कधी उभे राहिलात, तर झबल्याच्या तुकड्यांवर आडवा टाकलेला एक काळा लोखंडी गज तुम्हाला दिसेल. तो मी. वाऱ्याने कापड उडू नये, एवढंच आता माझं काम. माझ्या एका टोकाला चार बोटं रुंदीची पांढरी पट्टी गुंडाळलेली आहे. लहान मुलं विचारतात, गजाला लागलं का हो? मला काही लागलेलं नाही. पण ती पट्टी तिथे का आली हे सांगायचं, तर अगदी जन्मापासून सांगावं लागेल.

छप्पन साली लांजीच्या टिकाराम लोहाराने मला घडवलं. त्याच वर्षी आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बालाघाटची मराठी माणसं होती तिथेच राहिली. टिकारामने मला तापवलं, ठोकून सरळ केलं आणि माझ्या अंगावर गिरहाच्या सोळा खुणा पाडल्या. तेव्हा कापड गज आणि गिरह असंच मोजत. वजनमापाच्या साहेबाने मला तपासून ठसा मारला. "एक सूत भी कम नहीं," तो म्हणाला. या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं ताठ मानेने जगलो. खोटं कसं सांगावं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

बालाघाटातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात शेठजींनी मला ठेवलं. गिऱ्हाइकांना बसायला पांढरी चादर घातलेली लांबलचक गादी, तिच्यापुढे सागवानाची फळी, आणि फळीमागे नोकर. त्यातला महागू नावाचा नोकर मला सर्वांत आवडे. किरनापूरकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. हात हलका, बोलणं गोड. कापड मोजताना तो ते ताणून धरत नसे, सैल सोडी. गिऱ्हाईक म्हणे, "महागूभाऊच्या हातानं मोजा." मला वाटे, ही माझीच वाहवा आहे.

आता दुकानाच्या कायद्याबद्दल सांगतो. एकदा एका नवख्या नोकराने गावच्या मालगुजारीणबाईंना, म्हणजे जमीनदाराच्या बायकोला, खण चोरताना पाहिलं आणि भर दुकानात "चोर, चोर" म्हणून ओरडला. बाईंनी खण खरंच घेतला होता. तरी मालगुजारी घराण्याने वर्षभर दुकानाची पायरी चढली नाही आणि नोकराला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. त्यानंतर शेठजींनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की यापुढे दुकानात कुणी चोर हा शब्द काढायचा नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. चोरी दिसली की गजाने फळीवर ठोका मारायचा. मोठ्या घरची बाई असेल तर एक ठोका. मग सगळ्यांनी दुसरीकडे बघायचं, आणि चार दिवसांनी मुनीम घरी जाऊन "चुकून सामानात आलं असंल" म्हणून हसतहसत पैसे घेऊन यायचा. गरीबगुरीब असेल तर तीन ठोके. मग दरवान प्रेमलाल दाराला आडणा लावायचा आणि पाणी भरणारी लीलाबाई त्या बाईला मागच्या खोलीत नेऊन तिचं लुगडं झाडून बघायची. काही सापडलं तर दिवसभर पायरीवर बसवायचं. काही सापडलं नाही तर माफी मागायची नाही, एक रुमाल फुकट द्यायचा.

दोन ठोके कुणासाठीच नव्हते. चोरी काय केली, किती केली, का केली, याचा ठोक्यांशी काही संबंध नव्हता.

बासष्ट साली मीटर आला. लाकडाचा, पिवळा रंग दिलेला, टोकांना पितळ लावलेला. मला मोजायची मनाई झाली. लोखंड भंगारात जाणार असं मला वाटलं होतं, पण शेठजींनी मला उचलून फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "इसको रहने दो. ये तो मेरा चौकीदार है." मित्रांनो, लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं. काम गेलेल्याला कुणी कोणतंही काम दिलं तरी तो हुरळून जातो. मी वाजू लागलो. लीलाबाईला तर माझ्या आवाजाची इतकी सवय झाली, की ठोके ऐकले की ती मागून पदर खोचतच बाहेर येई.

महागूला मात्र माझा हा आवाज सोसत नसे. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात शेवंताबाई नावाच्या एका म्हातारीने नातवासाठी टोपडं कमरेला खोचलं. महागूने पाहिलं आणि तीन ठोके मारले. म्हातारी दिवसभर उन्हात पायरीवर बसली. येणारेजाणारे बघत होते. दुपारी महागूने तिला पाणी नेऊन दिलं, तर ती म्हणाली, "तूच वाजवलं ना रे बापा? तूच पाणी देऊन राह्यला?" महागू त्या दिवशी जेवला नाही. त्याने मला मुठीत धरलं होतं, त्यामुळे त्याच्या हाताला सुटलेला घाम मला कळला.

आठच दिवसांनी मालगुजारीणबाई आल्या. गादीच्या मधोमध बसल्या. त्यांच्यापुढे खणांचा ढीग पडला. गादीच्या अगदी कडेला, जिथे चादर संपते तिथे, भरवेलीच्या मँगनीज खाणीवर काम करणारी तुळसाबाई आणि तिची मुलगी जिजा बसल्या होत्या. जिजाचं लग्न तिरोडीला ठरलं होतं. बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणून मुलीला पांढरं पातळ हवं होतं. तुळसाबाईने तीन पातळं बाजूला सारली, चौथं उलगडून गालाला लावून पाहिलं आणि मुलीला म्हणाली, "हे घे. हे तुले शोभून दिसंल." तिच्या नखांत खाणीची काळी माती होती, म्हणून कापडाला बोटं लागू नयेत अशी तळहातानेच ती ते धरत होती. महागू दोघींकडे बघून हसला.

तेवढ्यात मालगुजारीणबाईंनी एक हिरवा जरीकाठी खण मांडीखाली सरकवला आणि तिथून ओच्यात घातला. महागूने पाहिलं. मीही पाहिलं.

त्याने मला उचललं. पहिला ठोका मारला. तिथेच थांबायचं होतं. पाच वर्षं तो तिथेच थांबत आला होता. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे ती पायरीवरची म्हातारी असावी. मालगुजारीणबाईंच्या तोंडाकडे रोखून बघत त्याने दुसरा ठोका मारला, आणि तिसरा. माझ्या अंगातून असा आवाज निघाला की पंख्याखाली डुलक्या घेणारा मुनीमही जागा झाला. मला वाटलं, आज न्याय झाला.

प्रेमलालने आडणा लावला. लीलाबाई मागून पदर खोचत आली. तिने मालगुजारीणबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गादीच्या कडेला गेली आणि तुळसाबाईच्या दंडाला धरून तिला उठवलं.

"काय झालं बाई? मले काहून उठवता?" तुळसाबाई म्हणाली.

"चाल आत. गडबड नको करू."

बिचारी लीलाबाई तरी काय करणार? तीन ठोके म्हणजे गरीब बाई, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. आणि दुकानात त्या वेळी गरीब बाई एकच होती.

महागूचं तोंड उघडलं. "शेठजी, ह्या नाही... ह्या बाईनं नाही..."

शेठजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग मालगुजारीणबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर. ते शांतपणे म्हणाले, "महागू, मीटर पकड़ो. बाईसाहब को जरी वाला और दिखाओ."

आणि महागूने, मित्रांनो, मला खाली ठेवलं आणि मीटर उचलला. घरी म्हातारे आईबाप, दोन लहान पोरं, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी सांगतो, त्याने मीटर उचलला आणि जरीचे खण दाखवू लागला.

"असल्या लोकायले गादीवर बसू देताच काहून तुम्ही?" मालगुजारीणबाई म्हणाल्या. हिरवा खण त्यांच्या ओच्यातच होता.

मागच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येत राहिला. जिजा पांढरं पातळ मांडीवर घेऊन तशीच बसली होती. तिने ते खालीही ठेवलं नाही आणि घट्टही धरलं नाही. थोड्या वेळाने तुळसाबाई बाहेर आली. लुगडं नीट नेसलेलं होतं, पण पदर उलट्या खांद्यावर आला होता. लीलाबाईने मान हलवून काही नाही म्हणून सांगितलं. मुनीमाने कायद्याप्रमाणे एक रुमाल पुढे केला. तुळसाबाईने तो उचलून फळीवर माझ्याशेजारी ठेवला.

"माय, चाल घरी. नको घेऊ इथून काही," जिजा म्हणाली.

"परवा लोक येऊन राह्यले तिरोडीहून. आता कुठं फिरू मी?" तुळसाबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पैसे ठेवले. मग महागूकडे वळून म्हणाली, "बांधा भाऊ." तो कागद गुंडाळत असताना ती हळूच म्हणाली, "तुमी तं समोरच होते, भाऊ. तुमच्या डोळ्यासमोर बसलो होतो आमी."

महागूने सुतळीची गाठ मारली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. मला त्याचा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला, कारण तो गप्प तरी होता. मी तर तीनदा बोललो होतो.

तुम्हाला वाटेल, महागूने त्याच दिवशी नोकरी सोडली असेल. गोष्टींत सोडतात. तो आणखी दोन वर्षं तिथेच राहिला. फक्त त्याने मला पुन्हा हातात घेतलं नाही, ठोके दुसरे नोकर मारत. तो निघाला तेव्हा शेठजींनी खुशीने मलाच त्याला बक्षीस दिलं. "तेरा हाथ इसी पे जमा था," म्हणाले. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने मला सायकलला बांधून किरनापूरला आणलं. तिथे त्याने बाजारात कापडाचं लहानसं दुकान मांडलं आणि मला तुकड्यांवर आडवं टाकलं.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, एका बाजाराच्या दिवशी एक बाई दुकानासमोर आली. केस पांढरे, नखांत अजून काळी माती. मी तिला लगेच ओळखलं. महागूनेही ओळखलं असावं, कारण त्याच्या हातातला तुकडा खाली पडला. ती तुळसाबाई होती. तिने त्याला ओळखलं नाही.

कापडाला हात लावण्याआधी ती दोन पावलं मागे सरली. तिने पदर खांद्यावरून काढून झटकला, उलटा करून दाखवला, कमरेची पिशवी उघडून समोर धरली आणि दोन्ही हात पसरले. "पाहून घ्या, भाऊ. मंग हात लावतो मी कापडाले."

"काई गरज नाही बाई," महागू कसाबसा म्हणाला.

"असू द्या. सवय हाय."

तिला नातीच्या झबल्यासाठी एक मीटर मलमल हवी होती. "जिजाले पोरगी झाली," तिने आपणहून सांगितलं. महागूने मीटर लावला, आणि मोजून झाल्यावर चार बोटं जास्त धरून कापलं. इतक्या वर्षांनी त्याला एवढंच सुचलं. तुळसाबाई वाकून बघत होती.

"भाऊ, जास्त झालं."

"राहू द्या बाई. पोरीसाठी."

"नाही, नाही. कापून घ्या ते." तिचा आवाज एकदम घाबरला. "उद्या कोणी ईचारलं, जास्तीचं कुठून आणलं, तं मी काय सांगू? कापा भाऊ. कापा."

महागूने चार बोटांची पट्टी कापली. तिने एक मीटर पुन्हा मोजून घेतला, पैसे दिले आणि गर्दीत गेली. तीच पट्टी महागूने माझ्या टोकाला गुंडाळली, ज्या टोकाने मी वाजत असे तिथे. आता मी फळीवर पडलो तरी आवाज होत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. मला तसं काही नको. मला खुशाल गंजू द्या. माझं मागणं एवढंच, की कधी एखादी बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून आपला पदर झटकताना दिसली, तर तिला हसू नका. आणि तुम्ही समोर असाल, तुम्ही पाहिलं असेल, तर बोला. ठोके मारू नका, तोंडाने बोला.