दारावरची पितळी घोरपड

मी एक जुनी पितळी घोरपड आहे. कार्ताहेना या जुन्या बंदर-शहराच्या तटाआतल्या एका पिवळ्या घराच्या दारावर मी लटकते. माझी शेपटी धरून आपटली की दार वाजते. बाकी मला काही येत नाही, आणि तसा दावाही मी कधी केला नाही.

मित्रांनो, एका फुटक्या जहाजघंटेतून एका लोहाराने मला ओतले. आमच्या शहरात दारावरून घरमालक ओळखत. सिंह म्हणजे फौजी, मासा म्हणजे दर्यावर्दी व्यापारी, आणि घोरपड म्हणजे राजाचा नातलग. माझा पहिला मालक मेणबत्त्या विकायचा. राजाशी त्याचे नाते म्हणाल तर अंधार दोघांच्याही घरी पडायचा, एवढेच. तरी त्याने घोरपडच मागितली, आणि लोहारानेही काही विचारले नाही.

पुढे सुईण आली, पाद्री आला, मासेवाली आली. मी प्रत्येकाचा हात ओळखू लागले. लोक म्हणत, "या घरची घोरपड मेलेल्यालाही उठवील!" ते दिवस मानाचे होते.

आता या घरात एनेइदाबाई एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई वारली आणि धाकटा भाऊ बेनिसियो परमुलखातून मातीला आला नाही. तेव्हा बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "यापुढे घरच्यासारखा दार ढकलून आत शिरू नकोस. परक्यासारखं दार वाजव. उघडायचं की नाही, ते मी बघेन."

आणि त्या दिवसापासून, कोणीही दार वाजवले की बाई उठून उघडत. कोणासाठी, ते मला ठाऊक होते.

मग विल्फ्रिदो आला. हा प्रवाशांना शहर दाखवतो. छत्री उंच धरून त्याने सांगितले, "इथं एक सरदार राहायचा. घोरपड तीनदा आपटून इच्छा मागा, पुरी होते!" मित्रांनो, दोनशे वर्षांत मी कोणाची इच्छा पुरी केलेली नाही. पण ऐकतो कोण? जहाजे भरभरून लोक येऊ लागले. रांग लागली. टक टक टक, फोटो, पुढचा!

बाई उठत, दार उघडत, फोटोत येत. महिनाभर त्यांनी हे केले. मग गुडघ्यांनी हात टेकले. दार वाजले की त्या आतूनच ओरडू लागल्या, "फोटो काढा आणि चालते व्हा!" लोक हसत. हेही सहलीत आहे असे त्यांना वाटे.

एका मंगळवारी गवती टोपी घातलेला, एक खांदा उतरलेला म्हातारा दाराशी आला. विल्फ्रिदोने छत्री आडवी धरली. "ओ काका, रांग तिकडून आहे!"

"मला आत जायचंय."

"आत कोणीच जात नाही. तीनदा वाजवायचं आणि पुढं सरकायचं."

आणि तो माणूस, मित्रांनो, स्वतःच्या घरासमोर रांगेत उभा राहिला! त्याचा नंबर आला. त्याने माझी शेपटी धरली आणि मी हात ओळखला. लहानपणी तो मला अंगठ्यानेच धरायचा.

टक. टक. टक.

"चालते व्हा!" आतून आवाज आला.

बेनिसियोला ती गंमत ठाऊक नव्हती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तो निघाला. मागची बाई पुढे सरकली. तिने विल्फ्रिदोला फोटोसाठी शेजारी उभे केले आणि माझी शेपटी ओढली.

मी उडी मारली असे मी म्हणत नाही. खिळा जुना होता. पण पडले ती विल्फ्रिदोच्या पायाच्या अंगठ्यावर, आणि त्याने जी बोंब ठोकली, तशी मला दोनशे वर्षांत जमली नव्हती.

बाई काठी घेऊन दारात आल्या. त्यांनी विल्फ्रिदोकडे पाहिलेही नाही. गल्लीच्या टोकाला तो उतरलेला खांदा वळत होता.

"ए बेनिसियो! अकरा वर्षांनी येतोस आणि दोन मिनिटं थांबवत नाही तुला?"

"तूच हाकललंस ना!"

"तुला नाही रे, गाढवा! यांना!"

आता मला नवा खिळा आहे. बेनिसियोने समोरच्या बंद गोदामाच्या भिंतीवर प्लॅस्टिकची एक घोरपड ठोकली आहे. विल्फ्रिदो लंगडत तिच्यापुढे रांग लावतो. ती चारशे वर्षांची आहे म्हणे. फरक एकाच्याही लक्षात आलेला नाही, याचा मला अजून राग येतो.

मित्रांनो, जुन्या शहरात जरूर या, डोळे भरून बघा. पण दाराला हात लावण्याआधी एवढे ध्यानात ठेवा, की आत कोणीतरी उठत असते.