पुण्याला उतरलेलं ॲव्हरो

सोयाबीन निघालं की बोरीच्या किशनरावांच्या रानात दरवर्षी कासाबाईच्या मेंढ्या बसायच्या. ओळख तेवढीच, रानापुरती.

किशनराव हवाई दलातून निवृत्त झालेले. उभी नोकरी ॲव्हरोची इंजिनं तपासण्यात गेली. इंग्रजांच्या आराखड्यावर कानपुरात बांधलेलं ते जुनं, दोन पंख्यांचं विमान. नजर अधू म्हणून वैमानिक होता आलं नाही. ती हौस आता लेकीनं, शीलानं, घेऊन दिलेल्या संगणकावर भागत होती. टेबलाला विमानासारखी दांडी, पायाखाली पेडल, समोर मोठा पडदा. एकेकाळी ज्या फेऱ्यांसाठी इंजिनं तयार करून दिली, त्याच फेऱ्या ते घरी बसून उडवायचे.

त्या दुपारी कासाबाई पाणी न्यायला आली आणि दारातच थबकली.

"दादा, काय करायलाव?"

"विमान उडवायलोय, बाई. ॲव्हरो म्हणतात ह्याला."

तिनं घागर खाली ठेवली. "आमच्या पोराला, बिरदेवाला, ह्याच्यातच आणलं होतं. फौजेत असताना बर्फाखाली दबला. दिल्लीहून पुण्याच्या दवाखान्यात."

बिरदेव लंगडतो एवढंच किशनरावांना ठाऊक होतं.

"कसा आला आसंल वो माजा लेक? दावता का?"

किशनरावांनी तिला खुर्ची दिली, विमान दिल्लीच्या धावपट्टीवर नेलं आणि आवाज मोठा केला. इंजिनांची कर्कश शीळ घरभर घुमली. विमान वर चढलं. कासाबाईनं पदर घट्ट धरला. मधली वाट त्यांनी भरभर पळवली.

"आपल्या बोरीवरून गेलं आसंल का?"

वाट जराशी वाकवली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "न्हाई बाई. बोरी लय उगवतीला राहिली."

"ऱ्हाऊ द्या. सरळ नेलं तेच बरं. लवकर पोचला."

तेवढ्यात दारात सावली पडली. आईला उशीर का झाला म्हणून बघायला बिरदेव आला होता. चौकट धरून तो तसाच उभा राहिला.

"ह्यो आवाज..." तो म्हणाला, "काका, ह्यो आवाज मी इसरलो न्हाई."

"ये, बस."

तो आईच्या खुर्चीशेजारी आला, पण बसला नाही. "विमानात माज्याजवळ हवाई दलातला एक माणूस होता. मला झोपू देईना. म्हणायचा, तुझी आई जेवायला काय करते ते सांग. आंबाडीची भाजी सांगितली, ठेचा सांगितला. सरलं की म्हणायचा, परत सांग. पुण्यापर्यंत माजा हात सोडला न्हाई."

"मला कदी बोलला न्हाईस," कासाबाई म्हणाली.

"रडली असतीस."

ती आताही रडतच होती. तिनं किशनरावांपुढं हात जोडले. "तुमचे लय उपकार हायत, दादा."

किशनराव गडबडले. "आवं, मी त्यात नव्हतो. मी खाली जमिनीवर इंजिनं बघायचो. शंभर हात लागतात एका विमानाला."

"त्यातले दोन तुमचेच की," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या विमानातून गेलेलं कुणी परतून दारी आलं नव्हतं. यावं अशी अपेक्षाही त्यांनी कधी केली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ते पडद्याकडं वळले. पुण्याची धावपट्टी समोर दिसायला लागली होती.

"हळू, दादा," कासाबाई म्हणाली. "पोरगं हाय आत."

एरवी त्यांचं विमान आपटायचं. आज त्यांनी श्वास रोखून, बोटाबोटानं दांडी ओढली. चाकं टेकली तेव्हा पडदा जरासुद्धा हादरला नाही. कासाबाईनं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

बिरदेव पडद्याकडं वाकून म्हणाला, "त्या माणसाला परत जावं लागलं आसंल ना, काका? ह्याच विमानानं?"

"जावं तर लागणारच."

"मंग त्याला दिल्लीला सोडून येऊ."

किशनराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी बिरदेवाला दांडीपुढं बसवलं.