मकबूलची कंबर

शनिवार पेठेतल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या हातांवर मेंदी काढलेली कमरजहां आता स्वतःच्या ओढणीला पिनसुद्धा लावू शकत नव्हती. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती आणि सकाळी गुडघे लाकडासारखे ताठायचे. वेदनाशामक गोळ्यांनी आधी पोट बिघडलं, मग मूत्रपिंडं कुरकुरू लागली. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या.

शेवटी मुलगी अमिना तिला उल्काताई वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी सुजलेले सांधे हलक्या हातानं दाबून पाहिले, रिपोर्ट वाचले.

"डॉक्टरांची वाताची औषधं चालूच ठेवा," त्या म्हणाल्या. "मी दुखण्यावर विजयाचं तेल देते. जिभेखाली थेंबभर घ्यायचं."

"विजया म्हणजे?"

"भांग. घाबरू नका, औषध म्हणून चिठ्ठीवर रीतसर मिळतं."

कमरजहां भिंतीला धरून उठली. "चल अमिना, घरी चल."

त्या झाडानं तिच्या घरात आधीच एक बळी घेतला होता. तिचा थोरला, मकबूल, हडपसरला टेम्पो चालवायचा. माल उतरवताना पाठीवर पेटी पडली आणि तेव्हापासून कंबर कामातून गेली. रात्ररात्र कण्हायचा. पुढे कुणीतरी त्याला गांजा ओढायला शिकवलं. घरात वास आला तशी तिच्या नवऱ्यानं, शमशुद्दीननं, पोराच्या कानाखाली वाजवली. "कंबरेचं नाटक करून नशा करतोस?" मकबूल आईकडे बघत राहिला. तिनं तोंड फिरवलं. तो उंबरा ओलांडून गेल्यावर आतून कडी तिनंच लावली.

तो हडपसरला भाड्याच्या खोलीत राहिला. मोठ्या कष्टानं त्यानं गांजा सोडला, तसा निरोपही बहिणीकरवी पाठवला. मग दुखणं मारायला दुकानातून मिळतील त्या गोळ्या मूठमूठ गिळू लागला. मूत्रपिंडं निकामी झाली. घरी आणला तो शेवटचाच.

त्या हिवाळ्यात कमरजहांला कूसही बदलता येईना. "अम्मी, हट्ट सोड," अमिना रडकुंडीला आली. अखेर शमशुद्दीननंच त्या तेलाची बाटली आणली. तिची बोटं वळत नसल्यानं रोज जेवणानंतर तोच थेंब सोडायचा.

पंधरवडाभर काहीच फरक पडला नाही. मग एका सकाळी तिला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुखणं गेलं नव्हतं, पण दोन पावलं मागं सरलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं केस विंचरले, आणि कंगवा हातात धरून हमसून हमसून रडू लागली.

शमशुद्दीन धावत आला. "काय झालं? जास्त दुखतंय?"

"कमी झालंय हो," ती म्हणाली. "एवढंच मागत होता तो."



पुढच्या वेळी तिनं उल्काताईंना विचारलं, "त्याला तेव्हा हे दिलं असतं, तर वाचला असता का?"

"खरं सांगू? ठाऊक नाही. ओढण्याचा गांजा वेगळा, मापून दिलेलं औषध वेगळं. तेही सगळ्यांना लागू पडत नाही."

"पण त्याची कंबर दुखत होती ना? खरंच?"

"दुखतच असणार. अशा मारानं दुखतंच."

घरी आल्यावर तिनं ते नवऱ्याला सांगितलं.

"मी त्याला नाटकी म्हणालो."

"आणि कडी मी लावली."

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाजानंतर शमशुद्दीन मकबूलच्या कबरीवर गेला, आणि अंधार पडला तरी परतला नाही. शेवटी अमिनाच्या नवऱ्यानं त्याला हाताला धरून आणलं.

जेवणं झाली. त्यानं बाटली उचलली, पण हात इतका थरथरत होता, की थेंब तिच्या हनुवटीवर ओघळला. कमरजहांनं आपल्या वाकड्या बोटांनी त्याचं मनगट धरून ठेवलं आणि तोंड उघडलं.